झडपेवरचा जंतू आणि अर्धवट प्रतिजैविके : एका प्रकरणाचा अभ्यास

भांडुपला डोंगराच्या बाजूच्या वस्तीत राहणारी, पोळी-भाजी केंद्रात रोज दोनशे-अडीचशे पोळ्या लाटणारी ३४ वर्षांची एक स्त्री गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या विभागात दाखल झाली, तेव्हा तिच्या तापाला सात आठवडे होऊन गेले होते. सोबतच्या प्लास्टिकच्या पिशवीत तीन वेगवेगळ्या प्रतिजैविकांची रिकामी पाकिटे, मलेरियाचे दोन आणि डेंग्यूचा एक नकारात्मक अहवाल आणि टायफॉइडसाठीच्या विडाल चाचणीचा 'पॉझिटिव्ह' शिक्का असलेला कागद होता. या सात आठवड्यांत रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याची तपासणी, मात्र एकदाही झालेले नव्हते. हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग, म्हणजेच एन्डोकार्डायटिस, हा आजार ओळखण्यात आणि बरा करण्यात नेमकी अडचण कोठे येते, हे या एका प्रकरणात इतके स्पष्ट दिसले की ते सविस्तर मांडावे असे वाटले. रुग्णाची ओळख उघड होईल असे तपशील येथे दिलेले नाहीत.

तापाची सुरुवात जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली. मुंबईच्या पावसाळ्यात ताप आला म्हणजे मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आणि टायफॉइड हीच नावे डॉक्टरांच्या मनात प्रथम येतात आणि ते योग्यच आहे. घराजवळच्या डॉक्टरांनी मलेरिया-डेंग्यूची तपासणी करून ॲझिथ्रोमायसिनच्या पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला आणि आठवड्याभरात परत आला. मग सेफिक्झिम झाले, पुन्हा तसेच घडले. त्यानंतर विडाल चाचणीच्या आधारे टायफॉइड गृहीत धरून सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शने सुरू झाली, ती अधूनमधून थांबत, पुन्हा सुरू होत दाखल होण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत चालली. एकदाच केलेल्या विडाल चाचणीवरून टायफॉइडचे निदान करता येत नाही, हे पाठ्यपुस्तकात असले तरी दवाखान्यातली गर्दी, रुग्णाचा बुडणारा रोज आणि कल्चरचा खर्च यांपुढे ते वाक्य टिकत नाही. त्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही; त्यांच्या जागी असताना माझ्याही हातून असेच घडले असते अशी दाट शक्यता आहे. रुग्णाने मात्र आपल्या आजाराचे अचूक वर्णन एका वाक्यात केले होते : "गोळ्या चालू असल्या की बरं वाटतं, डॉक्टर, संपल्या की चार दिवसांत परत तेच." संसर्ग दबतो आहे, पण मुळातून जात नाही, याचा याहून चांगला पुरावा रुग्णाच्या तोंडून मिळणे कठीण.

पूर्वेतिहास विचारताना सासूबाईंनी सांगितले की, सुनेला लहानपणी सांधे सुजण्याचा आजार होता आणि "दर एकवीस दिवसांनी कमरेत सुई घ्यावी लागायची." म्हणजे बाराव्या-तेराव्या वर्षी रुमॅटिक फीवर (सांधे आणि हृदयाच्या झडपांना सूज आणणारा ताप) झाला होता, हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप तेव्हाच खराब झाली होती आणि बेन्झाथिन पेनिसिलिनची इंजेक्शने चालू होती. लग्नानंतर ती कोकणातल्या गावाहून मुंबईला आली, इंजेक्शने बंद झाली आणि जुनी फाइल माहेरच्या पेटीतच राहिली. सात आठवड्यांत ही माहिती तिला कोणी विचारली नाही आणि तिनेही ती सांगितली नाही, कारण पावसाळ्यातल्या तापाचा लहानपणच्या सांधेदुखीशी काही संबंध असेल असे तिला वाटण्याचे कारणच नव्हते. आणखी एक गोष्ट होती. वटपौर्णिमेच्या सुमारास तिची खालची दाढ ठणकत होती. लवंगेचे तेल लावून आणि नेहमीपेक्षा जास्त वेळा मिश्री घासून तिने ते दुखणे सोसले होते. दातांच्या डॉक्टरांकडे ती गेली नव्हती.

तपासणीत ताप १००.८ अंश फॅरेनहाइट, नाडी मिनिटाला १०४, चेहऱ्यावर स्पष्ट फिकटपणा आणि डाव्या बरगडीखाली प्लीहा दोन बोटे लागत होती. छातीच्या डाव्या बाजूला, हृदयाच्या टोकाशी, काखेकडे जाणारा मोठा मर्मर, म्हणजे गळक्या झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा आवाज, ऐकू येत होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर वाटाण्याहून लहान, लालसर, दाबल्यावर दुखणारी गाठ होती. तव्याचा चटका बसला असेल असे समजून तिने त्यावर टूथपेस्ट लावली होती. चटक्याला फोड येतो, कातडी सोलवटते. येथे कातडी अखंड होती आणि दुखणे आतून, पेराच्या गरातून येत होते. ही ऑस्लर गाठ, म्हणजे एन्डोकार्डायटिसची एक खूण, होती. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये या आजारावर दिलेली व्याख्याने आजही त्याच्या अभ्यासाचा प्रारंभ मानली जातात. दोन नखांखाली लाकडाच्या कुसळासारख्या बारीक तांबड्या रेषाही दिसल्या. पण हाताने कष्टाची कामे करणाऱ्या माणसाच्या नखांखाली त्या मारानेही येतात, म्हणून त्यांना आम्ही फारसे वजन दिले नाही.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.४, पांढऱ्या पेशी १३,२००, ईएसआर (शरीरातल्या दाहाचा निर्देशक) ९६ आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर सकारात्मक आला. लघवीत तांबड्या पेशी आणि थोडी प्रथिने होती, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या प्रतिक्रियेची झळ मूत्रपिंडांनाही पोचली होती. दुसऱ्या दिवशी अन्ननलिकेतून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मायट्रल झडपेच्या पुढच्या पडद्यावर, डाव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) बाजूला, ९ मिलिमीटर लांबीचे हलणारे व्हेजिटेशन, म्हणजे जंतूंची गाठीसारखी वाढ, दिसले. छातीवरून केलेल्या इकोत झडप जाड आणि गळती मध्यम एवढेच कळले होते. जुन्या रुमॅटिक झडपेवर अशी वाढ वरून पाहताना नजरेतून सुटू शकते, म्हणून संशय पक्का असेल तर पहिल्या इकोवर थांबू नये. मान्य निकषांनुसार इकोचा एक मोठा निकष आणि आधीची खराब झडप, ताप आणि ऑस्लर गाठ हे तीन छोटे निकष मिळून निदान आता निश्चित झाले होते. जंतू कोणता, हे मात्र अद्याप ठाऊक नव्हते.

उपचाराची दिशा या जंतूच्या नावावरच ठरते, म्हणून तो झडपेवर पोचतो कसा हे आधी पाहू. गळक्या मायट्रल झडपेतून रक्ताची जोरदार धार मागे, कमी दाबाच्या कर्णिकेत फेकली जाते आणि तिच्या माऱ्याने झडपेचे नाजूक अस्तर खरवडले जाते. तेथे रक्तकणिका (प्लेटलेट) आणि फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना होणारे तंतू, यांचा बारीक थर जमतो. आपल्या सर्वांच्याच रक्तात अन्न चावताना किंवा दात घासताना तोंडातले जंतू काही मिनिटांसाठी शिरतात. निरोगी झडपेवर ते टिकत नाहीत, पण अशा थरावर चिकटतात, त्यांच्यावर आणखी फायब्रिन बसते आणि त्या आवरणाखाली त्यांची वसाहत वाढत जाते. हिरड्या सुजलेल्या आणि दाढ किडलेली असेल तर हे रोज, प्रत्येक जेवणाला घडते. दात काढणे हे एकच कारण शोधत बसण्याची म्हणूनच गरज नसते. या स्त्रीचा दात कोणी काढलाच नव्हता.

तोंडातले हे जंतू मुख्यतः व्हिरिडन्स गटातले स्ट्रेप्टोकॉकस असतात आणि ज्यांची झडप आधीच खराब आहे त्यांच्यात, आठवडेच्या आठवडे रेंगाळणाऱ्या तापामागे ते वारंवार सापडतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे वागणे अगदी वेगळे आहे : तो निरोगी झडपेवरही बसू शकतो, काही दिवसांत झडप फाडतो आणि डायलिसिसच्या नळ्या, मध्यवर्ती शिरेतल्या कॅथेटर किंवा त्वचेवरचे गळू यांच्या वाटेने येतो. उतारवयातल्या पुरुषांत, विशेषतः मूत्रमार्गाचा त्रास असेल तर, एन्टेरोकॉकस आढळतो. स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलायटिकस आढळला तर मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी केल्याशिवाय प्रकरण संपत नाही, कारण त्याचा आतड्यातल्या गाठींशी व कर्करोगाशी संबंध आहे. कल्चरमध्ये सहज न वाढणारेही काही आहेत. त्यांतल्या ब्रुसेलासाठी कच्चे दूध, शेळ्या-गुरे, तबेल्यातले काम यांची चौकशी करावी लागते आणि ती आम्ही केलीही. परंतु कल्चर रिकामे येण्यामागे एखादा दुर्मीळ जंतू असण्यापेक्षा आधी घेतलेली प्रतिजैविके हे कारण कितीतरी अधिक वेळा असते.

पहिल्याच दिवशी आम्ही वेगवेगळ्या शिरांतून, पहिल्या आणि शेवटच्या वेळेत तासाहून अधिक अंतर ठेवून, रक्ताचे तीन संच घेतले. प्रत्येक संचात दोन बाटल्या, प्रत्येक बाटलीत सुमारे १० मिलिलीटर रक्त, असे हे एकूण ६० मिलिलीटर होते. "आधीच अंगात रक्त नाही, त्यात एवढं काढता?" असे सासूबाईंनी विचारले आणि त्यांची काळजी रास्त होती. त्यांना सांगितले की, एक मिलिलीटर रक्तात हे जंतू कित्येकदा मोजकेच असतात, त्यामुळे चमचाभर रक्तात ते सापडतीलच असे नाही. आणि झडपेवरून ते सतत सुटत असल्याने ताप चढण्याची वाट पाहण्याचीही जरुरी नसते. सुई टोचण्याआधी त्वचा नीट पुसून कोरडी होऊ देणे मात्र अत्यंत आवश्यक आहे, नाहीतर त्वचेवरचा निरुपद्रवी जंतू बाटलीत वाढतो आणि पुढची सगळी चर्चा भरकटते.

अठ्ठेचाळीस तासांनंतरही सहाही बाटल्या शांत होत्या. येथे या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय आला. औषध ताबडतोब सुरू केले तर जंतूचे नाव बहुधा कधीच कळणार नव्हते. मग चार ते सहा आठवडे अनेक जंतूंना पुरेल असे मिश्रण द्यावे लागले असते आणि लघवीत रक्तपेशी दिसत असलेल्या या स्त्रीच्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडला असता. औषध थांबवून ठेवले तर व्हेजिटेशनचा तुकडा सुटून मेंदूत किंवा अन्यत्र जाण्याचा धोका होता आणि औषध सुरू झाल्यावर तो धोका झपाट्याने कमी होतो हेही माहीत होते. रुग्ण स्थिर होती, हृदय कमकुवत झाल्याचे चिन्ह नव्हते, म्हणून आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी तीन संच घेऊन चोवीस तास थांबायचे ठरवले. श्वास लागणे, रक्तदाब उतरणे, अंगाचा कोणताही भाग लुळा पडणे किंवा नवीन दुखणे यांपैकी काहीही झाले तर कोणालाही न विचारता औषध सुरू करावे, असे रात्रपाळीच्या डॉक्टरांच्या कागदावर लिहून ठेवले.

त्याच रात्री साडेअकराच्या सुमारास तिच्या डाव्या बरगडीखाली तीव्र कळ आली. औषध अर्ध्या तासात सुरू झाले. सीटी स्कॅनमध्ये प्लीहेचा एक लहान, पाचरीच्या आकाराचा भाग रक्ताविना दिसला : व्हेजिटेशनचा कण तेथे जाऊन अडकला होता. मेंदूचे चित्रण सुदैवाने स्वच्छ आले. आम्ही पहिल्याच दिवशी औषध दिले असते तर हे टळले असते का, याचे उत्तर निश्चितपणे देता येत नाही, कारण औषधाच्या पहिल्या दिवसांतही असे तुकडे सुटतात. पण थांबण्याचा निर्णय आमचा होता, कळ तिने सोसली, आणि हे या लेखात स्पष्टपणे लिहिणे मी माझे कर्तव्य मानतो. त्याहूनही जास्त बोचते ते असे की, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पहिली गोळी देण्याआधी, दोन-तीन संच रक्त घेतले गेले असते तर हा पेच आमच्यासमोर आलाच नसता.

सुरुवातीला सेफ्ट्रियाक्सोन आणि व्हॅन्कोमायसिन दिले. पाचव्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला : दुसऱ्या फेरीतल्या तीनपैकी दोन संचांत वाढ होती. ग्रॅम रंगकामात साखळीसारखे जोडलेले जांभळे गोल जंतू दिसले. दुसऱ्या दिवशी रक्त-ॲगरच्या थाळीवर टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती उगवल्या होत्या आणि प्रत्येकीभोवती लाल माध्यमाचा रंग फिका, शेवाळी हिरवा झाला होता. लॅटिनमधल्या हिरव्या रंगाच्या शब्दावरूनच या गटाला व्हिरिडन्स हे नाव पडले आहे. न्यूमोकॉकसही असाच हिरवा डाग पाडतो, पण त्याची वाढ ऑप्टोकिन या रसायनाच्या चकतीजवळ थांबते. येथे ती थांबली नाही. पुढील ओळखीत तो स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस ठरला, तोंडातला नेहमीचा रहिवासी. पेनिसिलिनची किमान रोधक मात्रा (जंतूची वाढ रोखायला पुरणारे सर्वांत कमी प्रमाण) ०.०६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर होती, म्हणजे जंतू पेनिसिलिनला उत्तम दाद देणारा होता. पहिल्या दिवसाच्या सहा बाटल्या पाच दिवस ठेवूनही रिकाम्याच राहिल्या. शेवटच्या सेफ्ट्रियाक्सोननंतर दोन दिवसांनी घेतलेल्या रक्तात काही नाही आणि चार दिवसांनी घेतलेल्या रक्तात जंतू आहे, एवढ्या दोन दिवसांच्या फरकावर निदानाचा हा भाग अवलंबून होता.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. १९११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये संगीतकार गुस्ताफ माहलर आजारी पडले, तेव्हा त्यांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस वाढला आणि झडपेच्या संसर्गाचे निदान अचूक झाले. औषध मात्र अस्तित्वातच नव्हते, आणि त्याच वर्षी मे महिन्यात व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. पेनिसिलिन हाती येईपर्यंत या आजारातून वाचणे जवळजवळ अशक्य होते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे कल्चर करता येत होते, ते आज आपल्याकडे औषधाच्या मुबलकतेमुळे हुकते, ही बाब मला अस्वस्थ करते.

व्हॅन्कोमायसिन बंद करून पेनिसिलिन जी दर चार तासांनी ३० लाख युनिट, म्हणजे दिवसाला १ कोटी ८० लाख युनिट, शिरेतून सुरू केले. एवढी मात्रा आणि एवढे दिवस कशासाठी, हे नातेवाइकांना नेहमी विचारावेसे वाटते. व्हेजिटेशनमध्ये रक्तवाहिन्या नसतात, पांढऱ्या पेशी आत शिरू शकत नाहीत, आणि एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू फायब्रिनच्या थराखाली जवळजवळ निद्रिस्त अवस्थेत असतात. पेनिसिलिन वाढणाऱ्या जंतूची भिंत मोडते. न वाढणाऱ्यावर त्याचा परिणाम सावकाश होतो. शरीराची मदत नसल्याने औषधालाच प्रत्येक जंतू मारावा लागतो. पाच दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मेले होते, म्हणून ताप उतरत होता. झडपेवरचे तसेच राहत होते, म्हणून तो परत येत होता. या जंतूसाठी मुदत चार आठवड्यांची, आणि ती मोजायची रक्ताचे कल्चर प्रथम निर्जंतुक आले त्या दिवसापासून. जेन्टामायसिन जोडून काही निवडक रुग्णांत ती दोन आठवड्यांवर आणता येते, पण मूत्रपिंडांकडे पाहता आम्ही तो मार्ग घेतला नाही. जंतू एन्टेरोकॉकस असता तर अँपिसिलिन आणि सेफ्ट्रियाक्सोन जोडीने सहा आठवडे द्यावे लागले असते. स्टॅफिलोकॉकस असता तर सेफॅझोलिन, आणि तो मेथिसिलिनला दाद न देणारा असता तर व्हॅन्कोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन. रक्त पातळ करणारी औषधे आम्ही दिली नाहीत. त्यांनी तुकडे सुटणे थांबत नाही आणि मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हृदयशल्यविशारदांशी पहिल्या आठवड्यातच बोलणे झाले. हृदय निकामी होऊ लागणे, औषध चालू असूनही संसर्ग आटोक्यात न येणे किंवा झडपेशेजारी गळू होणे, आणि १० मिलिमीटरहून मोठ्या व्हेजिटेशनचे तुकडे सुटत राहणे, या तीन परिस्थितींत शस्त्रक्रिया लांबवू नये. येथे चौथ्या दिवसापासून ताप उतरला, कल्चर निर्जंतुक झाले आणि पुन्हा तुकडा सुटला नाही, म्हणून शस्त्रक्रियेविना पुढे जाता आले. किडलेली दाढ याच काळात, पेनिसिलिन चालू असतानाच, काढून घेतली.

तेवढ्यात गणपती आले. घरचे सगळे कोकणात निघाले होते आणि तिच्या पतीने अगदी संकोचाने विचारले, "पाच दिवस गावी नेऊन आणली तर चालेल का? आता ताप तर नाहीये." ताप नसणे आणि संसर्ग नसणे यांतला फरक त्यांना तिच्याच सात आठवड्यांच्या पाकिटांवरून समजावून सांगितला. सासूबाई तिच्याजवळ थांबल्या. तुकडे सुटण्याचा धोका जास्त असतो ते पहिले दोन आठवडे वॉर्डात काढल्यावर, दंडातून मोठ्या शिरेत नेलेल्या नळीवाटे दिवसातून एकदाच द्यायचे सेफ्ट्रियाक्सोन २ ग्रॅम अशी योजना करून तिला घरी पाठवले. ती इंजेक्शने त्याच घराजवळच्या डॉक्टरांनी दिली. त्यांनी स्वतः फोन करून सगळा क्रम समजून घेतला, नळी निर्जंतुक ठेवण्याची पद्धत विचारली आणि एकही दिवस चुकू दिला नाही. रविवारीसुद्धा ते दवाखाना उघडत असत.

अठ्ठाविसाव्या दिवसानंतरच्या इकोत व्हेजिटेशन ४ मिलिमीटरवर आले होते. गळती मात्र मध्यमहून थोडी वाढली होती; संसर्ग बरा झाला तरी झडपेची झालेली हानी भरून येत नाही, आणि पुढे कधीतरी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता तिला सांगून ठेवली आहे. लघवीतल्या तांबड्या पेशी तीन महिन्यांत नाहीशा झाल्या. बेन्झाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिट दर एकवीस दिवसांनी पुन्हा सुरू केले. या इंजेक्शनाबद्दल एक गैरसमज डॉक्टरांतही आढळतो : ते रुमॅटिक फीवर पुन्हा होऊ नये म्हणून असते, झडपेच्या संसर्गापासून ते संरक्षण देत नाही. उलट, सतत पेनिसिलिन घेणाऱ्यांच्या तोंडातले जंतू त्याला निर्ढावलेले असू शकतात. एकदा एन्डोकार्डायटिस झालेली व्यक्ती अतिधोक्याच्या गटात मोडते आणि हिरडीला इजा होईल अशा दंतोपचाराआधी तिला एक संरक्षक मात्रा घ्यावी लागते. एरवी ती अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम असते, या स्त्रीसाठी मात्र वरील कारणाने ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम ठरवली. मिश्री सोडायला तिला चार महिने लागले.

हे सगळे मराठीत लिहिलेले एक जाड कार्ड तिला दिले. त्यावर झडपेचे निदान, सापडलेला जंतू, दंतोपचाराआधीची मात्रा, आणि तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ : ताप आल्यास कोणतेही प्रतिजैविक देण्याआधी रक्ताचे तीन संच कल्चरसाठी घ्यावेत.

पुढच्या जुलैत तिला थंडी वाजून ताप आला. ती त्याच डॉक्टरांकडे गेली आणि पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवले. त्यांनी गोळी न देता तिला त्याच दुपारी आमच्याकडे पाठवले. सहा बाटल्या भरल्या, सोबत मलेरियासाठी रक्ताची काच केली. काचेवर व्हायव्हॅक्स मलेरिया दिसला. जी-सिक्स-पीडी (जे कमी असल्यास प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटतात ते विकर) तपासून क्लोरोक्विन आणि चौदा दिवसांचे प्रायमाक्विन दिले. सहाही बाटल्या पाचव्या दिवशी निर्जंतुक आल्या, आणि तो अहवाल आम्ही तिच्या फाइलला जोडला. ती फाइल आता भांडुपच्या घरातल्या कपाटात असते.